आबांची तंबाखू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुमनला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण आज मी इतकी आनंदात आहे की हे आता पोटात राहत नाही.

सुमन माझी धाकटी बहीण, अक्कलकोटला दिलेली. आज तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सलग तिसऱ्या वर्षी आतडं स्वच्छ! फोनवर तिनं अशी आरोळी ठोकली की स्टाफरूममधले सगळे वळून बघायला लागले. मग म्हणाली, "आक्का, तू हायस म्हनून मी हाय की."

मी आहे म्हणून?

आमचे आबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात चेकर होते. चादर उजेडात धरायची, चुकीचा धागा दिसला की काढून बरोबर घालायचा — जन्मभर हेच. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीतही असेच चेकर असतात. डीएनएची नक्कल होताना भलतंच अक्षर जोडलं गेलं, की ते हेरतात, तेवढा तुकडा कापून काढतात आणि तिथं नवा भरला जातो. आबांचं हे चेकर बनवणारं एक जनुकच जन्मतः सदोष होतं. चुका साचत गेल्या, आतड्याचा कॅन्सर झाला. आबा गेले. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात देत डॉक्टर म्हणाले होते, हा दोष मुलांत येऊ शकतो, शक्यता निम्मी-निम्मी, दोघी बहिणी तपासून घ्या.

मी घेतलं — गुपचूप. माझ्यात दोष नव्हता. आणि सुमन?

तिचं लग्न ठरत होतं. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे झाले आणि तिच्या होणाऱ्या सासूनं मला बाजूला घेतलं. "तुमच्या वडलास्नी काय झालतं ओ? घराण्यात आनि कुनाला हाय का असलं?" मी पटकन म्हणाले, तंबाखू खायचे हो. आबा! ज्यांनी सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही! सुमननं नंतर विचारलं, आबा चोरून खायचे व्हय? मी मान डोलावली.

आबांचा आणि माझा, दोन्ही रिपोर्ट वर्गातल्या मुलांच्या जुन्या जर्नलांखाली गेले. लग्न होऊ दे, मग सांगू. मूल होऊ दे, मग... अशी सहा वर्षं. दर वर्षी फळ्यावर तीच दुरुस्ती शिकवत होते मी. लाज वाटत नव्हती? वाटत होती की. पण माझ्या लाजेचा सुमनला काय उपयोग?

मग एका पोरीनं तासाला विचारलं, मॅडम, चेकरच बिघडला तर? त्याच दुपारी मी अक्कलकोटची एसटी धरली. सुमनला आबांचा रिपोर्ट दिला आणि सांगितलं, आत्ताच सापडला — ही दुसरी थाप. तिच्यात दोष निघाला. आतड्यात एक गाठ होती. त्या गाठीचा कॅन्सर व्हायच्या आधीच डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढली. वाचली! माझी सुमन जिंकली! आणि जिला भिऊन मी गप्प बसले, ती सासू दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. तिनंच गल्लीभर पेढे वाटले. पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला.

ती गाठ जरा घाईत असती तर?

उद्या रविवार. सुमन मुलांना घेऊन जेवायला येणार आहे. पुरणाची डाळ भिजत घातली आहे, आणि माझ्या स्वतःच्या तपासणीचा रिपोर्ट जर्नलांखालून काढून टेबलावर ठेवला आहे. त्यावर तारीख आहे, सुमनच्या लग्नाआधीची. ताटं वाढायच्या आधी तो तिच्या हातात देणार आहे, आणि सांगणार आहे — आबांनी आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही.