भांडलं की चालू होणारी गाडी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे नंतर माझं नीट ऐकता येईल. कारण असा गाढवपणा शिकल्या-सवरल्या माणसाच्या हातून सहसा होत नाही. माझ्या हातून झाला!

आमच्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी आहे. खरं तर ती माझ्या बायकोची, सुनंदाची. ती शिक्रापूरच्या शाळेत शिकवायची आणि शिरूरहून रोज याच गाडीने जायची. गेल्या वर्षी सुनंदा गेली. गाडी राहिली.

आमची लेक मेघना हैदराबादला असते. ती फोनवर एकच धोशा लावायची, "पप्पा, ती गाडी भंगारात द्या. एकटे कुठंतरी रस्त्यात अडकाल."

एकदा चिडून मी म्हणालो, "तू ये. याच गाडीने तुला दौंड स्टेशनवर घ्यायला येतो. वाटेत बंद पडली तर खुशाल भंगारात घालू!"

झालं! शब्द देऊन बसलो. मेघना येणार म्हणून गाडी धुतली, पुसली, टाकी फुल केली. आणि गाडी बंद पडायला लागली!

पंधरा-वीस किलोमीटर झकास जायची. मग दम लागल्यासारखे आचके द्यायची आणि गप्प व्हायची. आमचे मेकॅनिक रशीदभाई ऐकूनच म्हणाले, "सर, ही लक्षणं पेट्रोलचं प्रेशर कमी पडल्याची हायेत. म्हंजी टाकीतला पंप इंजिनापर्यंत पेट्रोल ढकलाया कमी पडतोय."

मग त्यांनी इंजिनाजवळच्या नळीला मीटर लावला. काटा व्यवस्थित!

"प्रेशर तर बराबर हाय, सर."

"मग बंद का पडते?"

"इथं कुठं पडतीय? जिथं पडंल तिथं मला बोलवा. तवाच मोजू."

"डॉक्टरसमोर ताप उतरला म्हणजे ताप नव्हताच का, रशीदभाई?"

ते मीटर काढून ठेवायला लागले. मला राग आला. हल्ली येतोच. दूधवाल्यावर येतो, पेपरवाल्यावर येतो, वेळेवर आलेल्या एसटीवरसुद्धा येतो!

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. समोरच पेट्रोल पंप. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: भेसळ! तिथून मी कधी थेंबभरही पेट्रोल घेतलं नव्हतं, पण राग असल्या बारकाव्यात शिरतो का? मॅनेजरला हाताला धरून गाडीपाशी आणलं, टाकीचं झाकण काढलं आणि ओरडलो, "वास घ्या! हे पेट्रोल आहे की रॉकेल?"

त्याने बिचाऱ्याने वाकून वास घेतला. "पेट्रोलच हाय की, आबा."

"आबा कुणाला म्हणता?"

झाकण आपटून बसवलं, गाडीत बसलो, चावी फिरवली. गाडी चालू!

दोन दिवसांनी पुन्हा बंद. या वेळी रशीदभाईंना जागेवर बोलावलं. ते मोटरसायकलवरून उतरतात तोच मी सुरू, "टाकी फुल आहे! हे बघा!" झाकण काढून दाखवलं. "पेट्रोल आहे, पंप फिरतोय, तरी गाडी मेली! तुम्हाला धंदा येतो का नाही?"

रशीदभाईंनी शांतपणे मीटर लावला, चावी फिरवली. गाडी चालू. काटा व्यवस्थित.

"प्रेशर फुल हाय, सर."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तुमचं प्रेशर म्हणत होतो," ते पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही वेळा मी कडाडून भांडलो आणि दोन्ही वेळा गाडी चालू झाली! हसू नका. माणूस एकटा राहायला लागला की असले शोध लागतात. ही गाडी रागाला घाबरते, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

मेघना यायच्या दिवशी निघालो. वाटेत एकदा बंद पडली. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याला टाकी दाखवत भांडलो, चालू झाली. पण मांडवगण फराट्याच्या पुढे पुन्हा गप्प! आणि या वेळी भांडायला चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूला नुसता ऊस. उसाशी काय भांडणार?

तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने तो बाजूला घेतला. "काय झालं, मामा? धक्का मारू का?"

देवच पावला! मी सुरू झालो, "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे? ट्रॅक्टर इथं का उभा केला?"

"आवो, तुमच्यासाठीच थांबलोय न्हवं!"

"मी बोलावलं होतं? आणि ती गाणी बंद करा आधी!"

त्याने लगेच गाणी बंद केली. इतक्या भल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तरी मी नेट लावला. ट्रॉली ओव्हरलोड आहे, मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस रस्त्यावर सांडतो! मधेच गाडीत बसून चावी फिरवायचो. नुसती घरघर. की उतरून पुढचं भांडण!

तो गडी खाली उतरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, येक इचारू? घरी भांडायला कुणी न्हाई व्हय?"

त्याने सहज विचारलं होतं. मी सुनंदाच्या गाडीकडे बघितलं.

मग त्यानेच विषय बदलला. "पेट्रोल तरी हाय का?"

मी काही न बोलता झाकण फिरवलं.

फुस्सऽऽऽ!

टाकीने हवा आत ओढली ती अशी, की आम्ही दोघंही दचकलो. हा आवाज आधीही येत असणार. पण झाकण काढताना मी कधी गप्प होतो का, ऐकू यायला?

झाकण उलटं केलं. आत दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा, नीट चिकटवलेला. कुणी चिकटवला? मीच! मेघनाला पेट्रोलच्या वासाने मळमळतं, म्हणून टाकी फुल केली त्याच दिवशी. त्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते मी बुजवलं होतं. पेट्रोल कमी होणार, हवा आत येणार नाही, मग पंपाने ओढायचं तरी कसं? प्रेशर राहील कुठून? आधीच्या दर भांडणात मी झाकण काढून दाखवलं, तेवढ्यात हवा आत गेली आणि गाडी चालू झाली; रागाने नव्हे!

तुकडा काढून फेकला. गाडी चालू. ट्रॅक्टरवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, करमणूक झाली."

दौंडला पोचलो तेव्हा मेघना स्टेशनबाहेर बॅगेवर बसली होती.

"बंद पडली ना?"

पडली म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. हसता हसता तिने डोळे पुसले. मी म्हणालो, "पण गाडीत काही बिघाड नाही, मेघा. सगळा बिघाड माझाच होता."

"मग गाडी ठेवू," ती म्हणाली. "भंगारात काय घालायचं, ते आता कळलं."

असं म्हणून तिने माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि मला मागच्या सीटवर, सामानाबरोबर बसवलं.