मोमीन मॅडमचा झाकलेला टब

मोमीन मॅडमना एक खोड होती. पाण्यातली कुठलीही वनस्पती हाती आली, की आधी चुरगळून नाकाशी धरायच्या. इंदापूरला उजनीच्या काठी, घोटाभर चिखलात उभं करून त्या मलाही पाला हुंगायला लावत. "येतोय का गंधकाचा वास?" मला मेला चिखलाचाच वास यायचा!

बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पन्नाशीला टेकल्यावर मॅडमनी पीएच.डी.चा घाट घातला. पाणवनस्पती उजेडात आणि अंधारात गंधक कसा वापरतात, हा विषय. "पाण्यातनं नुसता ओढून भागत नाही गं," त्या म्हणायच्या, "पचवावा लागतो. अंधारात ते काम मंदावतं."

शेवटच्या प्रयोगाला दिवाळीची सुट्टी आडवी आली. कॉलेज बंद, म्हणून मॅडमनी पाणवनस्पतींचे टब कन्हेरीला आपल्या घरी नेले. काही उन्हात, काही काळ्या कापडाखाली. प्रबंधाची मुदत विद्यापीठानं आधीच एकदा वाढवली होती. हे टब गेले की पदवी गेली.

मी फराळ घेऊन गेले, तर मॅडमच्या आई, आमच्या अम्मा, अंगणात काळ्या कापडाच्या घड्या घालत बसलेल्या. सगळे टब लख्ख उन्हात!

"गुदमरली व्हती गं बिचारी," अम्मा कौतुकानं म्हणाल्या. "सकाळीच उघडली. बघ, कशी तरतरली! हिचं कुठं ध्यान हाय?"

मी तोंड उघडणार, तोच घरातून बाहेर आलेल्या मॅडमनी माझा हात दाबला. वाकून पानं न्याहाळली.

"बरं केलंस, अम्मा. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

रस्त्यापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा मी भडकलेच. "खरं सांगायला काय झालं होतं?"

"सांगून प्रयोग परत येणार आहे का? उगाच म्हातारी झुरत बसेल." डोळे भरले होते, आवाज मात्र वर्गातलाच.

मुदत पुन्हा मिळाली नाही. अम्मा येईल त्याला आपला पराक्रम ऐकवायच्या आणि मॅडम शेजारी बसून मान डोलवायच्या. माझं डोकं दर वेळी तापायचं.

गेल्या वर्षी मॅडम अचानक गेल्या. मी कन्हेरीला गेले. अम्मा अंगणात रिकाम्या टबाशी बसल्या होत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "माझ्या लेकीची झाडं म्याच वाचवली व्हती. व्हय ना गं?"

"व्हय, अम्मा," मी म्हटलं. "तुमीच वाचवली."