बावीस कशाचे?

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की मी विसरून जायचो. हे एक मात्र विसरता आलं नाही, आणि निवृत्तीनंतर तर ते जास्तच आठवतं.

ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. घरचे "इंजिनिअर हो" म्हणत असताना पोलिसात शिरलो. स्टेशनात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे देशी घरातलं काहीही असलं की सार्जंट फाइल माझ्याच टेबलावर आणून टाकायचा.

त्या सकाळी हॉस्पिटलमधून कळवण्यात आलं. दीड वर्षाची मराठी मुलगी, चार दिवसांचा ताप, यकृत निकामी होऊन गेली. रक्तात तापाच्या औषधाचं प्रमाण फारच जास्त होतं. दुपारी एका बाईचा फोन आला, नाव सांगितलं नाही. "त्यांच्याकडे मूल सांभाळायला एक मावशी येते. पोरांनी झोपावं म्हणून ती काहीतरी पाजते म्हणे." निनावी फोन करणाऱ्याला बहुधा काही माहीत नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्या टिपेच्या मागे गेलो.

मुलीचे आई-बाप दोघंही आयटीत, दिवसभर ऑफिसात. बापाचे वडील अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आलेले, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. मी काही विचारायच्या आत त्यांनी एक कागद पुढे केला.

"औषध मीच देत होतो, साहेब. येताना तापाचं औषध आणि डॉक्टरांचा तक्ता सोबत आणला होता. किती किलोला किती मिली, सगळं त्यात आहे. प्रत्येक डोस सिरिंजने मोजून दिला, वेळ लिहून ठेवली."

कागदावर वर लिहिलं होतं, वजन बावीस. खाली चार दिवसांचे डोस, दर सहा तासांनी, स्वच्छ अक्षरात. मी तक्त्याशी ताडून पाहिलं, मिली बरोबर जुळत होते. असा साक्षीदार मिळाला की पोलिसाला बरं वाटतं. मग जास्तीचं औषध दिलं कुणी? उरली मावशी.

ती पन्नाशीची बाई नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, तिला कामाची परवानगी नव्हती. म्हणून आधी म्हणाली, ओळखीचं घर आहे, नुसती बसायला जाते. हे खोटं मी लगेच पकडलं. माणूस एकदा खोटं बोलला की त्याचं पुढचं खरंही आपण खोटं धरतो, ही आमच्या धंद्यातली खोड. तिला हक्क वाचून दाखवले, कॅमेरा चालू केला आणि तीन तास सोडलं नाही.

"काय पाजलंत तिला?"

"भाताची पेज. मीठ-तूप घालून."

"आणि औषध?"

"बाटलीला मी हातसुद्धा लावला नाही, साहेब. आजोबांना चालत नसे. मला आत टाकाल का?"

"खरं सांगितलं नाहीत तर टाकीन."

काचेपलीकडच्या माझ्या पार्टनरला मराठी येत नव्हतं, म्हणून हे मी बिनदिक्कत बोललो. त्याची मला आजही लाज वाटते. आठवड्याच्या आत इतर आयांनीही तिला मुलं सांभाळायला बोलावणं बंद केलं.

मग हॉस्पिटलचे सगळे कागद आले. टेबलावर डबा खाता खाता चाळत होतो. भरती करतानाचं वजन, दहा किलो. घास तसाच राहिला. आजोबांचा कागद काढून शेजारी ठेवला. बावीस.

इथे किराणा पौंडात, बाळाचं वजन पौंडात, क्लिनिकमध्येही आईला पौंडातच सांगतात. हॉस्पिटल मात्र औषधासाठी किलोत मोजतं. त्या घरात सगळे "ट्वेन्टी टू, ट्वेन्टी टू" म्हणायचे, आणि पौंड हा शब्द कुणाला बोलायची गरजच वाटली नव्हती. बावीस पौंड म्हणजे दहा किलो. आजोबांनी चार दिवस बावीस किलोचा डोस दिला होता, अगदी काटेकोर मोजून.

मुलीच्या बापाला स्टेशनवर बोलावून आधी सांगितलं.

"काका, प्लीज, बाबांना नका सांगू. ते जगणार नाहीत. कारण कळलं नाही असं रिपोर्टमध्ये लिहा ना."

"आणि मावशी?"

"त्यांना तुम्ही अरेस्ट थोडंच करताय?"

"नाही केली तरी तिच्या हातात पुन्हा कुणी मूल देईल का?"

तो रडायला लागला. त्याच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं.

त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून मी आजोबांना सांगितलं. त्यांनी पेन घेतलं, स्वतः भागाकार केला, पुन्हा एकदा केला, आणि म्हणाले, "माझ्यावर केस करा." सरकारी वकिलांनी कुणावरच केली नाही, अपघात म्हणून फाइल बंद झाली. मावशीकडे मी माफी मागायला गेलो. दाराची साखळी न काढता तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

कोणी, कधी, किती, हे मी सगळ्यांना विचारलं होतं. कशाचे, हे विचारलं नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे, नीटनेटक्या माणसावर मी विश्वास ठेवला आणि घाबरलेल्या माणसावर संशय घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही हे शिकायला एक पोर जावी लागली.

आजोबा परत जायच्या आदल्या दिवशी त्यांचा कागद द्यायला गेलो. त्यांनी तो घेतला नाही.

"चौतीस वर्षं कुणी तोंडी सांगितलेलं वजन मी मानलं नाही," ते म्हणाले. "माप हातात घेतलं की कळायचं खरं की खोटं, काटा नंतर. हिला तर रोज उचलत होतो, साहेब. हलकी लागायची. मला वाटलं, नात आहे म्हणून लागते."