निवाऱ्याची किल्ली

इतरांना राग येतो आणि जातो. आमच्या सासूबाईंचा राग मुक्कामाला येतो. माझ्या लग्नाच्या पंगतीत माझ्या आईने सासूबाईंच्या रश्श्याला मीठ कमी आहे म्हटलं होतं. माझी मुलगी आता कॉलेजात जाते, तरी आई आली की तिच्या ताटाशेजारी न विसरता मीठदाणी ठेवली जाते.

अशा बाईची धाकटी बहीण निवाऱ्याच्या पायरीवर बुडून मेली.

निवारा म्हणजे नदीकाठच्या वस्तीसाठी बांधलेली दुमजली पक्की इमारत. पुराचा इशारा आला की लोकांनी तिथं जायचं. इशारा वेळेवर आला. धाकटी वेळेवर निघाली, शेजारणींनाही घेऊन गेली. दाराला कुलूप होतं. इमारत बांधकाम खात्याची, इशारा हवामान खात्याचा, आणि किल्ली कुणी सांभाळायची हे कुठेच ठरलेलं नव्हतं. शेजारणी पाइपाला धरून गच्चीवर चढल्या. धाकटीचे गुडघे पहिल्यापासून दुखरे, तिला चढता आलं नाही.

चौकशीत दोषी कुणीच निघालं नाही. सासूबाई जिल्ह्याच्या मदत अधिकाऱ्याला भेटायला गेल्या तेव्हा साहेब चहा पीत होते. म्हणाले, "हे आमच्या कक्षेत येत नाही." घरी येऊन सासूबाईंनी ते वाक्य सांगितलं, आणि हे बोलताना त्याने कप खाली ठेवला नाही, तेही सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कक्षासाहेब पडलं.

त्यानंतर सासूबाईंनी आमची बरी चाललेली खानावळ बंद केली आणि सरकारी सभा जिथं होतात त्या प्रशिक्षण केंद्राच्या स्वयंपाकघराचा ठेका घेतला. दर इतका कमी भरला की तेलाचेही पैसे सुटेनात. माझा नवरा म्हणाला, "आई, हा आतबट्ट्याचा धंदा आहे." त्या म्हणाल्या, "धंदा कोण करतंय?"

कक्षासाहेब सगळ्या सभांना यायचा आणि जेवायचाही तब्येतीत. त्याला सासूबाई स्वतः वाढायच्या. वाढताना त्याच्याकडे अशा बघायच्या, की मला नको नको ते सुचायचं. एकदा कोठीच्या फळीवर मला उंदरांच्या औषधाची पुडी दिसली. कोठीत उंदीर होते हे खरं, पण आमच्या सासूबाईंचा काय नेम? मी त्याच्या वाटीतला रस्सा आधी गुपचूप चाखायला लागले. एकदा सासूबाईंनी मला चमच्यासकट पकडलं. वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "वेडी आहेस का? मरून सुटेल तो. मला तो सुटायला नको आहे."

मग ती सभा आली. पूर, दुष्काळ, उन्हाळे वाढत चाललेत, त्यांना तोंड द्यायला देशाने एक आराखडा केला होता, आणि त्यातल्या फटी बुजवायला राजधानीहून अध्यक्षबाई आल्या होत्या. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. कोणतं काम, कोणतं खातं, कोण जबाबदार. निवाऱ्यांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, संबंधित विभाग. सकाळभर त्यावर काथ्याकूट झाला. कक्षासाहेबाने सुचवलं की एक समन्वय समिती नेमावी. चहाचे कप गोळा करता करता सासूबाईंनी ते ऐकलं आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या.

जेवणाची वेळ झाली. मी पानं मांडायला उठले तर त्यांनी मला पाटावर दाबून बसवलं. पातेल्यांवरची झाकणं मात्र त्यांनी एकेक करून काढली, आणि वास थेट सभागृहात गेला. थोड्या वेळाने शिपाई विचारायला आला. त्याच्यामागून सासूबाईच गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या. हातात पळी होती.

"जेवण तयार आहे," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "त्या शेवटच्या रकान्यात माणूस आला की वाढते."

कक्षासाहेब हसला. मावशी, या धोरणाच्या गोष्टी आहेत, म्हणाला. मग सासूबाईंनी धाकटीचं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. मला त्या वेळी त्यांची भीती वाटली.

अध्यक्षबाईंनी एकेकाला विचारलं. बांधकामवाले म्हणाले, आम्ही फक्त बांधतो. हवामानवाले म्हणाले, आम्ही फक्त सांगतो. मग हळूहळू सगळे कक्षासाहेबाकडे बघायला लागले. भुकेल्या माणसांचं एकमत फार लवकर होतं. तो नियम सांगायला लागला तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही तर कोण? पद सांगा, तेच लिहिते." तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचायला लागला. त्यांनी पेन घेतलं आणि संबंधित विभाग खोडून लिहिलं, जिल्हा मदत अधिकारी. किल्ली स्वतःजवळ ठेवणे, इशारा येताच स्वतः हजर राहून दार उघडणे.

सासूबाईंनी ते जवळ जाऊन वाचलं. दोन्ही ठिकाणी 'स्वतः' हा शब्द आहे ना ते पाहिलं. मग पंगत बसवली. कक्षासाहेबाच्या पानात भाताचा वाढीव ढीग घालत म्हणाल्या, "पोटभर जेवा. आता धावपळ आहे तुम्हाला."

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी इशारा आला. आमचं घर उंचावर, आम्हाला पुराची भीती नाही. तरी सासूबाईंनी छत्री घेतली, मला घेतलं, आणि धाकटीच्या पायरीवर जाऊन बसल्या. वस्तीतली माणसं गाठोडी घेऊन जमत होती. कक्षासाहेब जीपमधून उतरला तो चिखलात घोट्यापर्यंत रुतला. किल्ली दोरीने गळ्यात बांधलेली होती. इतक्या लोकांदेखत त्याला गळ्यातल्या किल्लीसकट वाकून कुलूप उघडावं लागलं. ते बघायला मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

लोक आत गेले. म्हाताऱ्या, लेकरं, कोंबड्यासुद्धा. पाणी खालच्या पायरीला लागलं तेव्हा तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, आत चला. आता तरी मला माफ करा."

सासूबाई छत्रीखालून म्हणाल्या, "माफी माझ्या कक्षेत येत नाही."

आम्ही आत गेलोच नाही, मागच्या चढाच्या रस्त्याने घरी निघालो. मला वाटत होतं, आता यांचं मन निवेल. तसं मी विचारलंही. त्या चढावर मधेच थांबल्या. निवाऱ्याकडे वळल्या.

"बघितलंस ना? किल्ली एकदाच फिरवली गं त्याने," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं."

त्या दिवसापासून माझाही राग मुक्कामाला आला आहे. इशारा आला की छत्र्या मीच काढते.