घड्याळजींचे हात

बायको गेल्यापासून घड्याळजींचं बोलणं दुकानापुरतंच उरलं होतं. "सेल बदलायचाय? दहा मिनिटं बसा." घरी तर तेवढंही नाही.

दमा जुना. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. तपकिरी रोजचा, निळा फक्त धाप लागली तर. यंदा तपकिरी पंपाने तोंडात पांढरे चट्टे आले, तसा त्यांनी तो परस्पर बंद करून टाकला. निळ्याचं कसं, दोन झुरके घेतले की छाती मोकळी! मग सगळी भिस्त त्याच्यावरच. दिवसातून आठ-दहा वेळा.

एका सकाळी चिमटा थरथरला आणि भिंगाखालची केसासारखी स्प्रिंग तुटली. गिऱ्हाईक ओळखीचं, काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. हात गेले आपले, असं घड्याळजींनी मनाशी धरलं, दुकानाला कुलूप घातलं आणि आठवडाभर खिडकीशी बसून राहिले. मुलगी लांब राहायची. तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिलाही कळवलं नाही.

निळा पंप संपला तेव्हा कुठे घराबाहेर पडले.

औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, महिन्यात हा तिसरा. हात कापतात का? धडधडतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"निळ्याने आवळलेली श्वासनळी सैल होते. पण अती घेतला की हात कापणारच. आतली सूज उतरते ती तपकिरीने, हळूहळू. तो घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, म्हणजे चट्टे येत नाहीत. भरत होतात?"

घड्याळजींनी हातातला रिकामा पंप काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "बायको पाण्याचा पेला पुढे करायची. मला वाटायचं, तिची आपली सवय."

बाईंनी त्यांना तडक डॉक्टरांकडे पिटाळलं. चट्ट्यांवर औषध मिळालं, तपकिरी पंप पुन्हा सुरू झाला. महिन्याभरात निळा क्वचितच लागू लागला, आणि हातांची थरथर थांबली.

दुकान उघडलं त्या दिवशी एक म्हातारी घड्याळाला पट्टा बसवून घ्यायला आली. घड्याळजींनी तिला दोन्ही पंपांची कहाणी पहिल्यापासून ऐकवली. ती दोनदा उठली, दोनदा त्यांनी बसवली. अखेर ती निघून गेली तेव्हा पट्टा आणि घड्याळ दोन्ही टेबलावरच. म्हणजे उद्या ती परत येणार. घड्याळजींना बरंच वाटलं.