रोहण्याचा दोरीचा खराद

प्रवासाला निघायला लोकांना डोंगर लागतात, समुद्र लागतो. मला एक वाडगा पुरला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टी लागली की घरात पाय ठरायचा नाही. वर्ध्याची माझी मैत्रीण मंदा पुण्याला आली ती एका लाकडी वाडग्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन. लाडू दोन दिवसांत संपले, पण वाडगा परत द्यायचं मी नाव काढेना. बाभळीचा होता आणि लाकडातली गाठ लपवायच्या ऐवजी त्याच्या बरोब्बर मध्यावर बसवली होती. "रोहण्याला एक म्हातारा करतो," मंदा म्हणाली, "आरा मशीनवर जळणात जाणारे तुकडे उचलून आणतो नि दोरीनं लाकूड फिरवायच्या खरादावर त्यातून हे काढतो." दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. आई म्हणाली, "वर्ध्याला कुणी फिरायला जातं का?" मी तिकीट काढून मोकळी झाले.

जाणार असाल तर थंडीतच जा. मार्चनंतर ते ऊन आपल्यासारख्यांचं काम नाही. वर्ध्याला उतरले तेव्हा स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ऑटोवाले त्यांच्यामधून वाट काढत ओरडत होते. मंदाच्या घरी पोहे झाले, आग्रह झाला, बरोबर गोरसपाकाचा, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचा, पुडा बांधून मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरनं पुलगाव आणि तिथून आर्वीकडे जाणारी छोटी गाडी. ही गाडी आता बंद आहे, तुम्हाला एसटीनं जावं लागेल. तेव्हा दोन कप चहाच्या पैशात तिकीट मिळायचं आणि गाडी इतक्या निवांतपणे जायची की एक जण मधेच उतरून बोरं तोडून परत चढला.

"कुटं चालली वं बाई?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

"रोहण्याला. खराद पाहायला."

"थो दोरीचा? बंद पडला असन ना थो."

"नाई बाप्पा," शेजारचा म्हणाला. "दौलत बुढा काई सोडत नाई."

दौलतराव घरीच होते. अंगणात कडूनिंबाखाली दोन खुंट रोवलेले, त्यांच्यामध्ये आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला ठोकलेला लाकडाचा ओंडका. दांड्याला दोरीचे वेढे. एका बाजूला दौलतराव जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यानं पटाशी टेकवून धरत. समोर त्यांची बायको, वच्छलामावशी, दोरीची दोन टोकं दोन हातांत घेऊन आळीपाळीनं ओढत. उजवा हात ओढला की लाकूड पुढे फिरायचं आणि पटाशी कापायची. डावा ओढला की लाकूड उलटं फिरायचं, तेवढ्यात पटाशी मागे. भुसा उडायचा आणि बाभळीचा तुरट वास यायचा.

"काऊन इतल्या दूर आल्या बाई? पुन्यात लाकडं नाईत का?" दौलतराव हसले.

पूर्वी ते बाजेचे पाय, पाळण्याच्या दांड्या करायचे. लोखंडी पलंग आले नि ते काम आटलं. मग आर्वीच्या आरा मशीनवर साग-बाभळीचे बुंधे पडलेले दिसले, आणि वाडगे सुरू झाले. ओबडधोबड वाडगा आधी दोन महिने कुटारात, म्हणजे मळणीच्या भुसकटात, पुरून ठेवायचा, म्हणजे हळू वाळतो, तडकत नाही. मग पुन्हा खरादावर, शेवटी जवसाचं तेल. मी तर हरखून गेले. सिनेमा पाहावा तशी दोन तास पाहत, फोटो काढत बसले आणि शेवटी जीभ सैल सोडली.

"काका, कुणी काही सांगो, मोटर लावू नका हं! या दोरीतच सगळी मजा आहे."

"आयकलं का वं?" दौलतराव बायकोकडे वळले. "पुन्याची मास्तरीन सांगून राह्यली!"

मावशींनी दोरी खाली ठेवली आणि त्या घरात गेल्या.

परतीची गाडी गेलेली, गावात लॉज वगैरे नव्हतं. "राहून जाजो," एवढंच मावशी म्हणाल्या. संध्याकाळी चुलीवरच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवण असं की बोटं चाटावीत, पण वाढणारी माझ्याकडे बघत नव्हती. दौलतराव हात धुवायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकनार? तुमी उद्या चालल्या जासान. दोरी मलेच वढा लागते." चुलीतलं लाकूड त्यांनी डाव्या हातानं मागे ओढलं. "माह्या भावानं अल्लीपूरले पिठाच्या गिरनीची जुनी मोटर ठेवून देल्ली. दोन वर्सं झाली. माहा उजवा हात खांद्याच्या वर जात नाई, वेनी शेजारची पोरगी घालून देते. बुढा परवा पह्यल्यांदा 'पाहू' म्हनला होता. अन् आज तुमी आल्या."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दोन तास मी तिथे बसले होते आणि माझी नजर त्या पटाशीवरून हलली नव्हती.

सकाळी मी दोरी मागितली. "बायाचं काम हाये, जमन तुमाले," दौलतराव खुशीत म्हणाले. पहिली काही मिनिटं झोकात गेली. मग खांद्यात कळ सुरू झाली, तळहात सोलवटले. मी ढिली पडले, पटाशी लाकडात अडकली आणि काठाचा टवका उडाला. दोन महिने कुटारात वाळलेला वाडगा गेला. दौलतराव कळवळले. "काका, काल मी मूर्खासारखं बोलले," मी म्हटलं. "आता जरा तुम्ही ओढून बघा."

"मी? खरादी दोरी वढत नाई बाई."

रीतच तशी होती. पटाशी धरणाऱ्यानं दोरीला हात लावायचा नाही. त्यांच्या वडिलांसमोर आईनं ओढली, त्यांच्यासमोर बायकोनं. मी काही बोलणार, तोवर मावशी उठल्या, नवा तुकडा दांड्याला ठोकला, नवऱ्याच्या जागेवर बसल्या आणि पटाशी उचलली.

"वढा," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि दोरी घेतली. मावशींनी आयुष्यात पटाशी धरली नव्हती, पण समोर बसून तीस वर्षं प्रत्येक काप पाहिलेला. कोपर मांडीला टेकवून त्या कापू लागल्या. तिथे खांद्याचं काम पडत नव्हतं.

"सारखं वढा ना! काऊन झटके देऊन राह्यले?" मावशी ओरडल्या. मला हसू आवरेना.

वाडगा बुडाशी जाड झाला, पण वाडगा झाला. दौलतरावांनी दोरी सोडली. डाव्या हातानं उजवा खांदा दाबला. मग विचारलं, "अल्लीपूरले जाले सकायची एसटी हाये का वं?"

"वर्ध्यावून हाये," मावशी म्हणाल्या. पटाशी त्यांनी खाली ठेवली नाही.

पुण्याला आल्यावर आठवडाभर मला फळ्यावर लिहिता येत नव्हतं. महिन्यानं दौलतरावांचं पोस्टकार्ड आलं, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मोटर बसली. लाईन गेली की काम थांबते, मग दोघं चहा पितात. वाडगे आता दोघंही करतात, आणि तिचे जास्त खपतात हे तिला सांगू नये. वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले, मग डोळे पुसले.

त्याच आठवड्यात फोटोंचा रोल धुऊन आला. पहिल्या दिवसाचे चौदा फोटो. दौलतराव, त्यांचे हात, पटाशी, उडणारा भुसा, लाकडातली गाठ. मी ते सगळे जमिनीवर मांडले आणि मावशींना शोधू लागले. तीन फोटोंत दोरी होती. एकात मनगट होतं.