मार्चमधला स्वेटर

नातवाला न्हाऊ घालताना त्याची इवलीशी छाती सुजलेली दिसली आणि मी घाबरलो. न्हाऊ घालणाऱ्या सखूबाई हसल्या. "अहो आजोबा, आईचाच अंश आहे तो. पोरगा असो की पोरगी, आपोआप ओसरतो. पूर्वी आम्ही पिळायचो, आता डॉक्टरीणबाई ओरडतात."

आईच्या पोटात सुरुवातीला सगळे एकाच घडणीचे असतात. पुरुषाच्या छातीवरची बोंडं तेव्हाचीच. वयात येताना काही मुलांची छाती अशीच थोडी भरते, पुढे बहुतेकांची ओसरते.

आठवीत हे मला ठाऊक नव्हतं, पण माझ्या वर्गातल्या दिगंबरचा पडलेला चेहरा दिसत होता. मार्चच्या उन्हातही तो वर्गात स्वेटर घालून बसायचा. त्याला पहिल्यांदा 'काकू' म्हणालो तो मीच.